स्टेबिलाइज्ड घरात नवे स्वयंपाकघर आणि त्याबदली भाडेवाढ : मालकाच्या कागदावर सही करावी का?

सुमेधा_क्वीन्स यांचा प्रश्न

न्यू यॉर्क शहरात रेंट स्टेबिलायझेशनच्या, म्हणजे कायद्याने भाडेवाढीवर नियंत्रण असलेल्या घरात राहणाऱ्या, किंवा त्या कायद्याची माहिती असणाऱ्या मंडळींचा सल्ला हवा आहे. आम्ही जॅक्सन हाइट्समध्ये १९३० च्या दशकात बांधलेल्या सहा मजली इमारतीत राहतो. इमारतीत सत्तरच्या आसपास घरे आहेत. आमचे भाडे महिन्याला १,७४० डॉलर असून लीजचे नूतनीकरण दर दोन वर्षांनी होते.

आमच्या स्वयंपाकघराची अवस्था बरी नाही. कपाटांची दारे लोंबकळतात, सिंकखालचा पाइप गळतो, त्या गळतीने मागच्या भिंतीचे प्लास्टर फुगून तिथे काळी बुरशी धरली आहे, आणि स्टोव्हच्या चारपैकी दोनच शेगड्या पेटतात. पाइपची तक्रार आम्ही सुपरकडे, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाकडे, अनेकदा केली. प्रत्येक वेळी तो टेप गुंडाळून जातो. गेल्या आठवड्यात मालकाच्या कचेरीतून एक गृहस्थ आले आणि संपूर्ण स्वयंपाकघर नवे करून देण्याचा प्रस्ताव त्यांनी ठेवला. कपाटे, ओटा, स्टोव्ह, फ्रिज, फरशी, नवा पाइप, प्लास्टर आणि रंग असा एकूण १८,००० डॉलरचा खर्च त्यांनी एका ओळीत लिहून आणला आहे. भाडे महिन्याला १०० डॉलरने वाढेल, आणि ‘ही वाढ सरकारच्या नियमानुसारच आहे, तेव्हा विचार करण्यासारखे फारसे काही नाही’, असे ते म्हणाले.

हा १०० चा आकडा कुठून येतो? ही वाढ काही वर्षांनी संपते की कायमची राहते? आणि आम्ही सही केली नाही तर पाइपही दुरुस्त होणार नाही, असे त्यांच्या बोलण्यातून सूचित झाले, त्याला काही आधार आहे का?

भाडेपावती यांचे उत्तर

सुमेधाताई, आकडा बरोबर आहे. मात्र तो आपल्याला ज्या पद्धतीने सांगितला गेला ती बरोबर नाही. आपल्यापुढे आलेला प्रकार इथे ‘इंडिव्हिज्युअल अपार्टमेंट इम्प्रूव्हमेंट’ म्हणून, म्हणजे बोलण्यात ‘आयएआय’ म्हणून ओळखला जातो. रेंट गाइडलाइन्स बोर्ड दरवर्षी नूतनीकरणासाठी जी टक्केवारी ठरवते (ऑक्टोबर २०२५ ते सप्टेंबर २०२६ या काळात सुरू होणाऱ्या लीजांसाठी ती एका वर्षाला ३ टक्के आणि दोन वर्षांना ४.५ टक्के ठरली), तिच्याव्यतिरिक्त, एखाद्या घरात मालकाने केलेल्या सुधारणेच्या खर्चाचा ठराविक अंश दरमहा भाड्यात मिळवता येतो. हा अंश ३५ किंवा त्याहून कमी घरांच्या इमारतीत खर्चाच्या १/१६८ आणि त्याहून मोठ्या इमारतीत १/१८० इतका आहे. आपली इमारत दुसऱ्या गटात पडते, म्हणून १८,००० भागिले १८० म्हणजे १०० डॉलर.

हा अंश नेहमी इतका लहान नव्हता. सप्टेंबर २०११ पर्यंत सर्वच इमारतींना १/४० लागू होता आणि त्यानंतर मोठ्या इमारतींसाठी तो १/६० झाला. म्हणजे हेच स्वयंपाकघर २०१० साली झाले असते तर आपले भाडे महिन्याला ४५० डॉलरने वाढले असते, आणि मालकाचा सारा खर्च चाळीस महिन्यांत वसूल होऊन पुढची सगळी वर्षे ती रक्कम निव्वळ नफा म्हणून त्याच्या पदरात पडत राहिली असती. १४ जून २०१९ रोजी राज्याने जो मोठा भाडे कायदा केला त्याने हे अंश १/१६८ आणि १/१८० वर आणले, पंधरा वर्षांत एका घरामागे १५,००० डॉलरची मर्यादा घातली आणि वाढ तीस वर्षांनी भाड्यातून काढून टाकण्याची तरतूद केली. पुढे २०२४ च्या अर्थसंकल्पासोबत हे नियम पुन्हा सैल झाले. १७ ऑक्टोबर २०२४ पासून सर्वसाधारण मर्यादा ३०,००० डॉलर झाली आणि वाढ कायमची ठरली. त्यामुळे आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की आज सही केलीत तर हे १०० डॉलर कधीही भाड्यातून वजा होणार नाहीत.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ते १०० डॉलर १०० राहणारही नाहीत. ते मूळ कायदेशीर भाड्यात मिसळतात आणि त्यानंतर बोर्डाची प्रत्येक वाढ १,७४० वर नव्हे तर १,८४० वर लागते. दरवर्षी ३ टक्के वाढ धरली तर दहा वर्षांनंतर या एकाच सुधारणेपोटी आपण महिन्याला १३४ डॉलर देत असाल, आणि पंधरा वर्षांत एकूण २२,३०० च्या आसपास दिलेले असतील. आपला मुक्काम दोन वर्षांचा आहे की वीस वर्षांचा, यावर हा सौदा परवडतो की नाही हे बरेचसे अवलंबून आहे.

आता ‘विचार करण्यासारखे काही नाही’ या विधानाकडे येतो, कारण तेच मला सर्वांत खटकले. घरात भाडेकरू राहत असताना आयएआयची वाढ त्याच्या लेखी संमतीशिवाय लावता येत नाही. ही संमती राज्याच्या गृहनिर्माण विभागाच्या, म्हणजे डीएचसीआरच्या ठरलेल्या नमुन्यावरच घ्यावी लागते आणि त्यात भाडे किती वाढेल ते स्पष्ट लिहिलेले असावे लागते. कायद्याने हा मजकूर इंग्रजीखेरीज आणखी सहा भाषांत उपलब्ध केला आहे (मराठी अर्थातच त्यांत नाही). मालकाच्या कचेरीतल्या माणसाने स्वतःच छापून आणलेला कागद हा तो नमुना नव्हे. आपण ‘नाही’ म्हटलेत म्हणून लीजचे नूतनीकरण नाकारता येत नाही, कारण स्टेबिलाइज्ड भाडेकरूला नूतनीकरणाचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे.

चौथा_मजला यांचे उत्तर

भाडेपावती यांनी गणित नीट मांडले आहे, म्हणून मी केवळ त्या १८,००० च्या आकड्याविषयी लिहितो. तो एका ओळीत लिहिलेला आहे हीच अडचण आहे.

दुरुस्ती आणि सुधारणा या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गळका पाइप, फुगलेले प्लास्टर, बुरशी, न पेटणाऱ्या शेगड्या हे सारे सुस्थितीत ठेवणे ही मालकाची मुळातली जबाबदारी आहे आणि त्यासाठी आपण आजवर दरमहा भाडे भरतच आला आहात. रंगकाम, प्लास्टरची डागडुजी, फरशीला पॉलिश यांसारखी कामे देखभालीत मोडतात आणि त्यांचा खर्च सहसा आयएआयमध्ये धरता येत नाही. तेव्हा पहिली मागणी ही करावी की खर्चाची बाबवार फोड लेखी मिळावी. समजा प्लास्टर, रंग आणि गळतीची दुरुस्ती मिळून २,६०० डॉलर निघाले, तर ते वगळून १५,४०० उरतात आणि वाढ १०० ऐवजी ८५ डॉलर ५६ सेंटवर येते. फरक किरकोळ वाटेल, पण तो कायमचा आहे आणि त्यावरही दरवर्षी टक्केवारी चढणार आहे.

दुसरी गोष्ट अशी की ज्या घरावर धोकादायक स्वरूपाची व्हायोलेशन्स, म्हणजे नियमभंग, नोंदलेली आहेत, त्या घरात ती दूर होईपर्यंत आयएआयची वाढ घेता येत नाही. शहराचा गृहनिर्माण विभाग, म्हणजे एचपीडी, व्हायोलेशन्सचे ए, बी आणि सी असे वर्ग करतो. बी म्हणजे धोकादायक आणि सी म्हणजे तातडीने धोकादायक. आपण ३११ या शहराच्या तक्रार क्रमांकावर गळतीची आणि बुरशीची तक्रार नोंदवलीत, निरीक्षक येऊन पाहून गेला आणि त्याने बी किंवा सी वर्गाचे व्हायोलेशन दिले, की पाइपची दुरुस्ती आणि नवे स्वयंपाकघर यांची मालकाने घातलेली गाठ आपोआप सुटते. उलट तोपर्यंत मालकालाच घाई होते, कारण पाइप दुरुस्त केल्याखेरीज त्याला सुधारणेचे भाडे लावता येणार नाही. तोंडी तक्रारीवर सुपर टेप गुंडाळून जातो, हा अनुभव क्वीन्सात काही आपल्या एकट्यांचा नाही. म्हणून तक्रार नेहमी नोंदवलेली असावी.

एवढे करूनही दुरुस्ती झाली नाही तर डीएचसीआरकडे सेवा कमी झाल्याचा अर्ज करता येतो, त्याचा नमुना आरए-८१. तो मान्य झाल्यास भाडे कमी करण्याचा आदेश निघतो आणि सेवा पूर्ववत होईपर्यंत मालकाला वाढ घेता येत नाही.

कंत्राटदार कोण आहे हेही विचारावे. तो परवानाधारक असला पाहिजे आणि मालकाशी त्याची भागीदारी किंवा समान मालकी असता कामा नये. कामापूर्वीची आणि कामानंतरची छायाचित्रे काढून ठेवणे मालकाला बंधनकारक आहे, पण आपणही आपली काढून ठेवावीत.

ब्रुकलिनचे_वाडेकर यांचे उत्तर

या चर्चेत मालकाची बाजू मांडणारा मी बहुधा एकटाच असेन. माझा आणि माझ्या मेहुण्याचा ब्रुकलिनमध्ये अठरा घरांच्या एका जुन्या इमारतीत हिस्सा आहे आणि त्यांतली बहुतेक घरे स्टेबिलाइज्ड आहेत. वरच्या दोन्ही उत्तरांतील कायद्याची माहिती अचूक आहे आणि सुमेधाताईंच्या बाबतीत पाइप आधी दुरुस्त व्हायला हवा याविषयी माझेही दुमत नाही. गळती दाखवून कपाटे विकणे हा वाईट व्यवहार आहे.

परंतु १/१८० हा अंश मालकाला कसा दिसतो तेही पाहावे. आज खर्च केलेले १८,००० डॉलर परत यायला, बोर्डाची टक्केवारी बाजूला ठेवली तर, पंधरा वर्षे लागतात. त्या काळात कर्जाचे व्याज, विमा आणि मालमत्ता कर चालूच असतात. त्यामुळे राहत्या भाडेकरूच्या घरात स्वतःहून सुधारणा सुचवणारा मालक आता पूर्वीइतका सहज आढळत नाही, आणि जो सुचवतो त्याचा हेतू दर वेळी लुटण्याचाच असतो असे मानू नये. काही वेळा सगळ्या मजल्यांवर एकाच ठेकेदाराकडून एकदम काम करून घेतले की दर बरा मिळतो, एवढेच कारण असते.

खरी ओढाताण रिकाम्या घरांची आहे. तीस-चाळीस वर्षे एकच कुटुंब राहून गेलेले घर रिकामे होते तेव्हा जुन्या तारा, शिशाचा रंग, मोडकळीस आलेले न्हाणीघर असे सारे एकदम समोर येते, आणि भाडे मात्र कधी कधी ७०० डॉलरच असते. २०१९ च्या कायद्यानुसार अशा घरावर कितीही खर्च केला तरी आमच्या आकाराच्या इमारतीत भाड्यात जास्तीत जास्त ८९ डॉलर मिळवता येत होते. त्यामुळे काही मालकांनी अशी घरे कुलूप लावून ठेवली. ते योग्य होते असे मी म्हणत नाही, पण का झाले ते त्या आकड्यावरून कळते. २०२४ च्या बदलात याच घरांसाठी दुसरी श्रेणी आली. आधीच्या भाडेकरूचा मुक्काम किमान पंचवीस वर्षे झालेला असेल, किंवा २०२२ ते २०२४ या काळात घर रिकामे म्हणून नोंदलेले असेल, तर डीएचसीआरकडे रीतसर प्रमाणपत्र देऊन ५०,००० डॉलरपर्यंतचा खर्च धरता येतो आणि अंश १/१४४ किंवा मोठ्या इमारतीत १/१५६ मिळतो. म्हणजे आमच्याकडे ते ७०० चे घर फार तर १,०४७ वर जाईल. भिंती उघडून सगळ्या तारा बदलायच्या म्हटले तर ५०,००० तही काम भागेलच असे नाही.

सुमेधाताईंच्या घराला ही दुसरी श्रेणी लागू नाही, कारण त्या तिथे राहत आहेत. मालकाचा माणूस तसे काही बोललाच तर त्याला तिथेच थांबवावे.

भाडेपावती

वाडेकर, कुलूपबंद घरांविषयी आपण जे लिहिले आहे त्यात तथ्य आहे आणि १५,००० ची मर्यादा फार आवळलेली होती हे मीही मान्य करीन. पण ती इतकी का आवळली गेली याचा इतिहास आपल्या उत्तरात आलेला नाही, म्हणून पुढील मजकूर लिहितो. सुमेधाताईंनाही तो उपयोगी पडेल.

२०१९ पूर्वी घर रिकामे झाले की मालकाला आधी २० टक्क्यांपर्यंतची व्हेकन्सी वाढ मिळे आणि त्यावर आयएआय लागे. रिकाम्या घरात संमती देणारा कोणी नसतो, आणि खर्चाची कागदपत्रे आधी कोणी तपासतही नसे. नव्या भाडेकरूने तक्रार केली तरच ती बाहेर काढावी लागत. म्हणून १,००० डॉलरचे घर २० टक्क्यांनी १,२०० होई, त्यावर छोट्या इमारतीत ३२,००० च्या खर्चाचा १/४० म्हणजे ८०० डॉलर चढत, आणि आकडा नेमका २,००० वर जाऊन पोचे, जी रक्कम २०११ पर्यंत घर नियमनातून कायमचे बाहेर काढण्याची सीमा होती. पुढे ती २,५०० आणि मग २,७०० झाली, तसा खर्चाचा आकडाही बरोबर तेवढाच फुगू लागला. सगळेच मालक असे करीत नव्हते, परंतु पद्धतच अशी होती की खोटे बोलणाऱ्याला मोठा लाभ आणि खरे बोलणाऱ्याला तोटा व्हावा. २०१९ ने ही सीमाच रद्द केली आणि व्हेकन्सी वाढही काढून टाकली.

सुमेधाताई, यातून आपल्यासाठी निघणारे काम असे की नव्या वाढीवर सही करण्यापूर्वी जुन्या भाड्याचा पाया तपासावा. डीएचसीआरकडे आपल्या घराची रेंट हिस्टरी मागता येते, तिला पैसे पडत नाहीत. मालकाने दरवर्षी नोंदवलेले कायदेशीर भाडे त्यात ओळीने दिलेले असते. एखाद्या वर्षी भाडेकरू बदलताना भाड्याने मोठी उडी घेतलेली दिसली, तर त्या उडीतून व्हेकन्सी वाढ आणि बोर्डाची टक्केवारी वजा करावी आणि उरलेल्या रकमेला त्या काळच्या अंशाने, म्हणजे ४० ने किंवा ६० ने, गुणावे. जो आकडा येईल तितका खर्च त्या घरात झालेला दिसतो का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. ज्या स्वयंपाकघरात कपाटांची दारे लोंबकळत आहेत, त्याच स्वयंपाकघराच्या नूतनीकरणाचे पैसे आपण आधीच भाड्यातून भरत आहात असे निघाले तर मला आश्चर्य वाटणार नाही. तसे आढळल्यास आरए-८९ हा जादा भाड्याच्या तक्रारीचा नमुना आहे. जाणूनबुजून घेतलेल्या जादा भाड्यावर तिप्पट भरपाईची तरतूद आहे. मात्र किती वर्षे मागे जाता येईल हा प्रश्न राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयाच्या (कोर्ट ऑफ अपील्स) २०२० च्या निकालानंतर गुंतागुंतीचा झाला आहे, तिथे वकिलाचा सल्ला घ्यावा.

गिरगाव_ते_जमैका यांचे उत्तर

थोडे विषयाच्या कडेचे लिहितो. आमचे मुंबईचे घर पागडीचे असल्याने भाडेकरूने स्वतःच्या पैशाने स्वयंपाकघर करून घेणे ही गोष्ट मला लहानपणापासून स्वाभाविक वाटत आली आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ दिली असली, तरी मूळ भाडेच इतके तोकडे असते की मालक ओट्याची फरशी बदलून देईल अशी अपेक्षा तिथे कोणी ठेवत नाही. इथे आल्यावर मीही त्याच सवयीने मालकाची लेखी परवानगी घेऊन कपाटे स्वतः बसवली. भाडेकरूने स्वतः केलेल्या खर्चावर मालकाला आयएआय लावता येत नाही, त्यामुळे भाडे जागच्या जागी राहिले. पण पागडीत घर सोडताना जसा मोबदला मिळतो तसा इथे मिळत नाही. कपाटे भिंतीला लागली की ती मालकाची. सुमेधाताईंनी हा तिसरा मार्गही हिशेबात घ्यावा, मात्र परवानगी लेखी असल्याशिवाय एक खिळाही ठोकू नये. विनापरवाना बदल हे लीजच्या भंगाचे निमित्त होऊ शकते.

सुमेधा_क्वीन्स

आपणा सर्वांचे आभार. ३११ वर तक्रार नोंदवली आहे, रेंट हिस्टरी मागवली आहे, आणि बाबवार फोड व कंत्राटदाराचे नाव लेखी मिळेपर्यंत कोणत्याही कागदावर सही करणार नाही असे मालकाच्या कचेरीला कळवले आहे. इमारतीतील आणखी तीन कुटुंबांनाही हाच प्रस्ताव आल्याचे कळले, त्यांतील एकांनी सही केलेली आहे. आम्हा दोघांना असे वाटते आहे की कपाटे आणि ओटा तूर्त राहू द्यावा, फक्त फ्रिज नवा घ्यावा. केवळ एका वस्तूपुरती संमती देता येते का?

चौथा_मजला

देता येते. ९०० डॉलरचा फ्रिज असेल तर १८० ने भागून महिन्याला ५ डॉलर वाढतील, आणि संमतीच्या नमुन्यावर तेवढीच एक वस्तू व तेवढाच आकडा असावा. आपला सध्याचा फ्रिज घराबरोबर मिळालेला असेल आणि तो बंद पडला, तर चालू स्थितीतला फ्रिज पुरवणे ही मालकाची जबाबदारी आहे. अशा वेळी संमती न दिल्यास तो वापरलेला पण चालू फ्रिज आणून ठेवू शकतो आणि त्यासाठी भाडे वाढत नाही. स्वतः विकत घेतलात तर तो आपलाच राहील, घर सोडताना नेता येईल, पण बिघडल्यावर दुरुस्तीही आपल्यालाच करावी लागेल. ज्या कुटुंबाने आधीच सही केली आहे त्यांना सहीचा कागद डीएचसीआरच्या नमुन्यावर आहे का हे तपासायला सांगावे. तो साधा कागद असेल आणि काम सुरू झालेले नसेल, तर त्यांनी ती संमती मागे घेत असल्याचे मालकाला याच आठवड्यात सर्टिफाइड मेलने कळवावे.